दुसरं शीड

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. आमचा किनारा म्हणजे धरणांचा. दिग्रसजवळचं अरुणावती, पुसदजवळचं पूस आणि पार दक्षिणेला पैनगंगेवरचं इसापूर. मे महिन्यात दुपारी पश्चिमेचा वारा सुटला, की या पाण्यांवर हातभर उंच लाटा उठतात.

२००६च्या मे महिन्यात मी आणि मुजफ्फर तीन दिवसांत या तिन्ही पाण्यांवर शीड चालवायला निघालो. मी पुसदला कॉलेजात भूगोल शिकवायचो. मुजफ्फरचं तिथंच ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. त्या वर्षी कापूस उन्हाळा लागला तरी घराघरांत पडून होता, ट्रॅक्टर कोणी आणत नव्हतं, त्यामुळे त्याला सवडच सवड. तरुणपणी आम्ही गोव्याच्या एका हॉटेलात दोन हंगाम काम केलं होतं. तिथंच विंडसर्फिंग शिकलो. शीड लावलेल्या बोर्डवर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाणी कापत जायचं. तिथूनच आणलेला जुना बोर्ड आम्ही व्हॅनच्या टपावर बांधला. शीड एकच होतं, नारंगी. मी प्रयोगशाळेतलं ताशी किलोमीटरमध्ये वारा मोजायचं छोटं यंत्र सोबत घेतलं.

अरुणावतीवर पहिल्यांदा मुजफ्फर उतरला. मी काठावर यंत्र धरून बसलो. पाणी हटून उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत चंदाबाई नावाची एक बाई टरबुजांना पाणी घालत होती. ती कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहत राहिली.

"लय झ्याक चालवतेत दोघंबी," ती म्हणाली.

"दोघं नाही बाई, एकच हाय."

तिनं पुन्हा पाण्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बादलीत अर्धं पाणी होतं, ते तिथंच ओतून ती झोपडीकडे निघून गेली. ऊन पाण्यावर चमकत होतं. चमकेनं डोळे फसतात, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पूसवर माझी पाळी. वारा एकसारखा होता, बोर्ड सपासप चालला होता. मध्यावर गेल्यावर एकदम शीड ढिलं पडलं. क्षणभर हातात काही ओढच नव्हती. मग वारा परत भरला. असं तीनदा झालं.

हा प्रकार मला ओळखीचा होता. वाऱ्याच्या बाजूनं दुसरं शीड अगदी जवळून गेलं की आपला वारा तुटतो. गोव्यात हे रोज व्हायचं. तिसऱ्यांदा मी मान वळवून पाहिलं. चारी बाजूंना मोकळं पाणी होतं.

काठावर आलो तर मुजफ्फर यंत्र हातात धरून उभा. त्यानं बोर्ड ओढायला हात लावला नाही.

"वारा मधी कमी झालता का?" मी विचारलं.

"नाही. बावीसच्या खाली काटा आलाच नाही. राजदीप, तुह्या बाजूनं कोन चालवून राह्यलं होतं?"

"कोनीच नाही."

"पांढरं शीड होतं. तीनदा तुले चिपकून गेलं."

"मानूस कसा होता?"

"शिडाच्या आड होता. तिन्ही खेपी आडच."

त्या रात्री मी घरी जाऊ म्हटलं. मुजफ्फर ऐकेना. इंजिनात आवाज आला की तो सापडेपर्यंत झोपणारा तो माणूस नव्हे.

"मी पाह्यतो ना त्याचं तोंड," तो म्हणाला. "जवळ येऊ तर दे."

इसापूरला पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. पाणी खूप मागं हटलेलं, काठाला भेगाळलेला गाळ, आणि मेलेल्या झाडांची काळी खोडं. उकंडा नावाचा म्हातारा मासेमार डोंग्यात बसून जाळं सांधत होता. आमचा बोर्ड पाहून त्यानं सुई थांबवली.

"आज नका जाऊ, भाऊ."

"काहून?"

पाण्याकडे पाठ होईल असा म्हातारा फिरून बसला.

तेव्हाच मी मुजफ्फरला अडवायला हवं होतं. मी फक्त म्हटलं, "लांब जाऊ नको." तो हसला आणि निघाला.

पंधरा मिनिटं नारंगी शीड एकटं होतं. मी डोळ्यांवर हात धरून उभा होतो.

मग दोन शिडं दिसली.

दुसरं कुठून आलं ते मी पाहिलं नाही. पांढरं, जुनं, जागोजागी ठिगळं लावलेलं. ते मुजफ्फरच्या वाऱ्याच्या बाजूला गेलं आणि तिथंच राहिलं. नारंगी शीड ढिलं पडलं. पुन्हा भरलंच नाही.

माझ्या हातातलं यंत्र चोवीस दाखवत होतं.

नारंगी शीड आडवं झालं.

"उकंडाभाऊ! डोंगा काढा!"

म्हातारा उठला. आम्ही दोघांनी वल्ही मारली. मध्यावर पोचेपर्यंत पांढरं शीड नव्हतं, वाराही नव्हता. पाणी ताटासारखं सपाट. मुजफ्फर बोर्डला दोन्ही हातांनी मिठी मारून तरंगत होता. त्याची बोटं सोडवायला आम्हाला दोघांना जोर लावावा लागला.

"पाह्यलं का?" मी विचारलं.

त्याचे दात वाजत होते, बेचाळीस अंशांच्या उन्हात.

मुजफ्फर वाचला. त्यानंतर तो कधी पाण्यात उतरला नाही, आणि त्या दुपारबद्दल त्यानं मला आजवर एक शब्द सांगितलेला नाही. बोर्ड आम्ही तिथंच सोडून दिला.

त्या दुपारी त्याला घेऊन काठाकडे परतताना डोंगा सरकेना. कड पाण्याला टेकत आली होती. उकंडा धापा टाकत होता.

"तिघांचं वजन नाही हे," तो पुटपुटला.

काठाला लागलो. मुजफ्फर उतरला. मी उतरलो. उकंडाही उतरला, दोर खुंट्याला बांधला आणि डोंग्याकडे पाहत उभा राहिला. डोंगा रिकामा होता. तरी कड पाण्यापासून दोनच बोटं वर होती.

आम्ही तिघं पाहत होतो.

मग डोंगा एका बाजूला कलला आणि चांगला वीतभर वर आला.

काठावरून वर जाणारी वाट अरुंद होती. उकंडानं डोक्याचं फडकं काढलं, मान खाली घातली आणि कुणाला तरी जाऊ द्यावं तसा तो एक पाऊल बाजूला सरकला.