टाइलखालचा हात

विश्वास ठेवायचा की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण ज्याच्यावर हे गुदरलं तो राजदीप आज यवतमाळात भाड्याच्या खोलीत राहतो, आणि घरातसुद्धा चपलेशिवाय पाऊल टाकत नाही.

गोष्ट गेल्या मे महिन्यातली. दारव्ह्यातली. भर दुपारची.

आई-वडील गेल्यावर थोरल्या भावानं, धर्मपालनंच राजदीपला वाढवलं. धर्मपाल यवतमाळला राहायला गेला, आणि काही महिन्यांनी दारव्ह्याचं घर त्यानं आपणहून धाकट्याच्या हवाली केलं. राजदीप आणि त्याची बायको ममता, दोघांचे डोळे भरून आले होते.

दादानं एकच सांगितलं होतं.

"टाइल पाहिजे तशी टाक. पण जुनी फरशी उखडू नको. वरूनच चिकटव."

टाइल ममतानं पसंत केली. फिकट राखाडी, पाय न घसरणारी. मिस्त्री कायले पाहिजे, आपणच बसवू, असं ठरलं. मोबाइलवर बघून बघून राजदीप टाइल कापायला शिकला. चिकटवायचं केमिकल ममता कालवायची. पहिल्या चार टाइली वाकड्या बसल्या, तेव्हा दोघं पोट धरून हसले होते.

मधल्या खोलीतली शेवटची ओळ बसली आणि लाइट गेली.

कूलर थांबला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

टाइल कुठं पोकळ राहिली का, हे पाहायला राजदीपनं रबरी हातोडीनं ठोकलं.

ठप.

पुढची टाइल. ठप.

त्यानं हातोडी खाली ठेवली.

आणि...

ठप.

"तुम्ही वाजवलं?" ममतानं विचारलं.

"नाही."

"मंग खालून वाजून राह्यलं..."

उंदीर असेल, असं म्हणत त्यानं दोनदा ठोकलं.

खालूनही दोनदा आलं.

मग त्यानं ठोकलंच नाही. तरी आवाज येत राहिला... भिंतीकडून हळूहळू ममताच्या पायांकडे सरकत.

"हट तिथून!"

ती बाजूला झाली. ती उभी होती त्याच टाइलखाली आवाज थांबला.

केमिकल अजून ओलं होतं. राजदीपनं थापीचं टोक घालून टाइल उचलली. खालची जुनी फरशी जशीच्या तशी होती. साधा तडाही नव्हता.

त्यानं टाइल उलटी केली.

केमिकलच्या रेघा मधोमध पुसल्या होत्या. तिथं... हाताचा पंजा उमटला होता. खालून वर दाबलेला. मनगटाशी बांगड्यांच्या गोल खुणा.

ममतानं आपले हात पाहिले.

"माह्या हातात तं बांगड्याच नाहीत..."

राजदीपनं दादाला फोन लावला. "दादा, टाइलखाली कोणाचा तरी हात उमटला."



दादा हळूच म्हणाला, "बांगड्यावाली आहे ना?"

राजदीपनं बांगड्यांचं नावही काढलं नव्हतं.

"तुले माहीत होतं, दादा?"

"ते इथंही आमच्या मागं आली होती रे. रोज खालून वाजे. तुम्ही तिकडे राहाले गेले, आन् इकडे बंद झालं. माही लेकरं आता झोपून राह्यली."

"आन् आम्ही?"

फोन कट झाला.

राजदीपनं फोन बाजूला ठेवला. त्याला खालच्या हाताचं भय वाटेना. ज्या हातानं लहानपणी घास भरवला, त्याच हातानं घराची किल्ली दिली होती...

ऊन असतानाच दोघांनी घर सोडलं. अंगावरच्या कपड्यांनिशी यवतमाळच्या जीपमध्ये बसले.

पावसाळ्यात दादा त्यांच्या खोलीवर आला. डोळे खोल गेलेले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"घर रिकामं झालं आन् ते परत आमच्याकडं आली. एक साल तुम्ही राहा तिथं, एक साल आम्ही राहू. वाटून घेऊ, राजू."

राजदीपनं विचारलं, "कोण आहे ते? नाव सांग, दादा."

दादाचे ओठ हलले. नाव तोंडाशी आलं होतं, राजदीपनं पाहिलं.

मग दादानं ममताकडे एकदा पाहिलं, चपला घातल्या आणि निघून गेला.

ते नाव ममतासमोर का घेतलं नाही...?

राजदीप अजून तोच विचार करतो. ममताला मात्र त्यानं हे कधी विचारलेलं नाही.