एका दमाची ओळ

पॅरिसच्या त्या संगीतशाळेत वार्षिक स्पर्धेच्या दिवशी खिडक्या बंद ठेवत. बाहेरच्या ट्रामचा सूर परीक्षकांना आवडत नसे. फ्लूट आणि पियानोची एक नवी रचना दरवर्षी या दिवसासाठी लिहून घेतली जाई, आणि सगळ्या स्पर्धकांना साथ एकट्या ओदिलबाई करत. बावीस वर्षं. परीक्षक आत येताना वाकून नमस्कार करत, तो बहुधा पियानोला.

१९३४च्या रचनेत तिसऱ्या पानावर एक लांबलचक ओळ होती. तिच्यात श्वासाला जागाच नव्हती. मध्ये श्वास घेतला की पहिलं बक्षीस गेलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सहा जणांचं गेलं होतं.

सातवा तिबो लाकाझ. वयाच्या अटीमुळे त्याची ही शेवटची संधी.

"मादाम, तुम्ही फार रेंगाळता," दाराशी तो सगळ्यांदेखत म्हणाला. "ट्रामच्या घोड्यांनासुद्धा निवृत्ती मिळाली की."

"तुमचा दम पुरतो का तेवढं बघा."

"माझं राहू द्या. तुमचा सांभाळा."

फ्लूटवाल्याचा जीव घ्यायला त्याच्या गळ्याला हात लावावा लागत नाही. साथीची लय किंचित ओढून धरली की झालं. परीक्षक नुकतेच जेवले होते. त्यांना कळणार नव्हतं. लांब ओळ सुरू झाली आणि ओदिलबाईंनी लय ओढली.

सहाही जण जिथे तुटले, तिथे तिबो तुटला नाही.

त्यांनी आणखी ओढली. सूर तसाच, सरळ, गार. त्यांनी तिरक्या नजरेने पाहिलं. त्याचे खांदे हलत नव्हते. छातीही नाही. आत आल्यापासून त्याने एकदाही श्वास घेतल्याचं त्यांना ऐकू आलं नव्हतं.

मग त्यांच्या स्वतःच्या छातीत कळ आली, तेव्हा कळलं, आपणही श्वास घेत नाही आहोत. घ्यायला गेल्या. हवा आत येईना.

बोटं चालू होती.

ओळ संपली, तेव्हाच हवा आली.

तिबो वाकला. पियानोला नव्हे, त्यांना.

"पुरला बघा, मादाम."

आठव्याचं नाव पुकारलं गेलं. ओदिलबाईंनी आपली प्रत पहिल्या पानावर आणली. श्वासाची स्वल्पविरामासारखी खूण फ्लूटवाले स्वतःच्या प्रतीत करतात. पियानोच्या प्रतीत ती कोण कशाला करील? इथे तिसऱ्या ओळीवर एक होती, पेन्सिलीची. त्यांनी अंगठ्याने पुसली. अंगठा काळा झाला, खूण तशीच.

पुढची पानं उलटली. एकही खूण नव्हती.

आज मला जमणार नाही, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं. सांगायला हवा लागते. हवा आत येईना.

"मादाम, सुरू करायचं ना?" आठव्याने अदबीने विचारलं.

खूण तिसऱ्या ओळीवर होती; हवा मिळाली तर तिथेच. तिथवर पोचायचं, तर वाजवणं भाग होतं.

त्यांनी लय जरा जलद धरली.