सांडणाऱ्या पोटाचं कोडं

लालसूच्या तापानं घरच्यांना नुसता वात आणला होता. गोळ्या घेतल्या की ताप उतरायचा, सगळ्यांना हायसं वाटायचं, आणि चार दिवस जातात न जातात तोच पोरगं पुन्हा हुडहुडी भरून गोधडीत शिरायचं. बरं, गोळी चुकली म्हणावं तर तेही नाही! ठोंब्या समोर उभा राहून गोळी घ्यायला लावायचा, वर तोंड उघडायला लावून जिभेखाली बघायचा.

ठोंब्या म्हणजे आरोग्य केंद्रातला यंत्रमानव. भामरागडच्या जंगलातल्या त्या गावात त्याच्याइतका हुशार कोणी नव्हता आणि त्याच्याइतका हट्टीही. म्हणून तर चैतीनं त्याचं हे नाव ठेवलं होतं. लालसू तिचा धाकटा भाऊ. आज त्याला उठून बसवतही नव्हतं. दुसरं औषध नागपूरहून यायचं होतं, पण वादळामुळे ड्रोन उडत नव्हते. चैतीचा जीव टांगणीला लागला होता.

"औषध बरोबर, प्रमाण बरोबर, तरी ताप आहेच," ठोंब्या म्हणाला. "मला उलगडा होत नाही."

"तुला होत नाही म्हणजे कोणालाच व्हायचा नाही की काय? सरक बाजूला!"

ही मावशीआजी. डॉ. वनमाला नैताम, चैतीच्या आजीची बहीण. सारी हयात तिनं हिवतापाच्या संशोधनात घालवली होती. तिनं लालसूच्या रक्ताचा थेंब यंत्रात ठेवला आणि तो भिंतीवर भलामोठा होऊन उमटला. लाल पेशींच्या आत बारीक अंगठ्या दिसत होत्या.

"हा हिवतापाचा परजीवी (दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्यावरच जगणारा जीव). डास चावला की आत येतो, लाल पेशीत घुसतो आणि तिला आतून खातो." आजीनं त्यावर लालसू घेत होता त्या नव्या औषधाचा थेंब सोडला. बरेचसे परजीवी मेले. काही मात्र मजेत वाढत राहिले. "वा रे पठ्ठ्या! काय चिवट आहे!"

"आजी! माझा भाऊ तापानं फणफणलाय आणि तू त्या मेल्याला शाबासकी देतेस?"

"देणारच! अगं, तो किती बेरकी आहे हे कळल्याशिवाय त्याला हरवणार कशी? ऐक. एकाचे अनेक होताना प्रत्येक वेळी त्याच्या अंगातल्या सूचनांची (जनुकांची) नक्कल होते. लाखो नकलांत काही चुका होतातच. बहुतेक चुका त्यालाच भोवतात. पण एखादी चूक अशी निघते, की औषध त्याला मारू शकत नाही. बाकीचे मरतात, हा उरतो. मग त्याचीच पिल्लावळ सगळीकडे. याला म्हणतात औषधरोध (औषधाला दाद न देण्याची ताकद)."

"म्हणजे औषध त्याला काही शिकवत नाही. नुसते चिवट तेवढे मागे ठेवतं," चैती म्हणाली.

"बरोब्बर! माझ्या लहानपणी क्लोरोक्विन या हिवतापाच्या जुन्या औषधाचं असंच झालं. ते परजीवीच्या पोटात साठून त्याला मारायचं. मग एका चुकीनं त्याच्या पोटाला एक दार तयार झालं आणि त्यातून औषध बाहेर जायला लागलं."

"ते औषध बाद आहे," ठोंब्यानं सांगून टाकलं. "पन्नास वर्षं इथे कोणी वापरलेलं नाही."

चैतीच्या डोळ्यांपुढे तांदळाची पिशवी आली. फाटक्या पिशवीतून खडे गळतात, तसे तांदूळही गळतात. "आजी, त्या दारातून त्याचं खाणंसुद्धा सांडत असेल ना?"

मावशीआजीनं टाळी वाजवली.

"सांडतं गं! थोडं सांडतं!"

"मग औषध होतं तोवर ते दार त्याच्या फायद्याचं. पण पन्नास वर्षं औषधच नाही, तर दारवाले अर्धपोटी राहणार आणि बिनदारवाले पोटभर खाऊन वाढणार. आता दारवाले उरलेच नसतील!"

"मलावी नावाच्या देशात असंच झालं होतं," आजी म्हणाली. "औषध बंद ठेवलं आणि काही वर्षांनी ते पुन्हा लागू पडायला लागलं. ठोंब्या, साधी औषधं बनवायच्या यंत्रावर क्लोरोक्विन बनव."

"बाद औषध रुग्णाला देता येत नाही."

"रुग्णाला नाही रे, थेंबाला देऊ! आधी बघ, मग हट्ट कर."

ठोंब्यानं औषध बनवलं आणि त्याचा थेंब लालसूच्या रक्तावर सोडला. तिघंही भिंतीकडे बघत राहिली. हळूहळू एकेक अंगठी आक्रसत गेली. वाढताना एकही दिसेना. चैतीनं आनंदानं आरोळीच ठोकली.

"माझी माहिती जुनी होती," ठोंब्या म्हणाला. "मुलीनं ती दुरुस्त केली. धन्य आहे!"

"पण हे एकटं द्यायचं नाही," आजी बजावून म्हणाली. "नव्याच्या जोडीनं द्यायचं. एकातून सुटलेला दुसऱ्याच्या तावडीत सापडला पाहिजे. आणि सगळ्या केंद्रांना कळव, आधी रक्त तपासा, मग औषध ठरवा. पुढच्या पोरांना एवढं सोसावं लागू नये."

दुसऱ्या दिवशी लालसू उठून बसला. त्यानंतर ताप फिरकला नाही. शेवटच्या गोळीची वेळ आली तेव्हा स्वारी चिंचेच्या झाडावर होती.

"मी बरा झालोय! ती कडू गोळी तूच खा!" तो वरून ओरडला.

चैतीनं ओढणी कमरेला खोचली, झाडावर चढली, त्याच्या शेजारच्या फांदीवर बसली आणि गोळी पुढे केली.

"तू बरा झालास रे. पण आत एखादा शहाणा लपून बसला असेल, तर तो उद्या दुसऱ्या कोणाच्या भावाला धरेल. आ कर!"

लालसूनं तोंड वेडंवाकडं केलं आणि गोळी गिळली. मग न सांगताच त्यानं जीभ वर करून दाखवली.