दुसऱ्याच्या नावाने प्रवेश

मोबाइल ठेवा बघू खाली. आणि मध्येच खिदळायचं नाही. ही माझ्या साडूची गोष्ट आहे, कुठल्या पिक्चरमधली नाही.

साडू दवाखान्यातली कॉम्प्युटरची कामं बघतो. माझी मेहुणी, म्हणजे त्याची बायको, तिथेच रक्त तपासणीच्या खोलीत रिपोर्ट भरायची. नाव आणि पासवर्ड टाकला की आधी एक सूचना यायची. 'ही यंत्रणा फक्त अधिकृत व्यक्तींसाठी आहे. आपल्या प्रत्येक कृतीची नोंद होते. दुसऱ्याच्या नावाने प्रवेश करणे हा कायद्याने गुन्हा आहे.' असं बरंच काही, आणि खाली 'मान्य'. ते दाबल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. मजकूर साडूनेच टाकलेला. पण वाचतंय कोण! दरवेळी ती कटकट नको म्हणून सकाळी जो पहिला येईल, त्याच्याच नावावर सगळी खोली दिवसभर काम करायची. पहिली नेहमी मेहुणीच. तिचा पासवर्ड सगळ्यांना तोंडपाठ.

ऑक्टोबरात ती गेली. साधा ताप म्हणून भरती केली, ती घरी आलीच नाही. पण लोक सवयीने तिच्याच नावाने कॉम्प्युटर उघडत राहिले. "मेल्यावरही बाईला रजा नाही," असं एकजण म्हणाला. कुणी हसलं नाही.

साडूला सगळं कळत होतं. कामावर कोण कोण आहे, ते त्याच्या स्क्रीनवर दिसायचं. प्रत्येक नावापुढे हिरवा ठिपका. तिच्याही नावापुढे. त्याने कुणाला अडवलं नाही. मला म्हणाला, "दादा, ठिपका दिसला की दिवस ढकलता येतो." बाकी ना रडला, ना चिडला. वाढलं तर जेवायचा.

डिसेंबरातला शेवटचा रविवार. रात्री सव्वादहाला साहेबांचा फोन आला. "उद्या तपासणी आहे. बाईंचं खातं आजच बंद करा." साडूने स्वेटर चढवला आणि निघाला.

रविवारी त्या खोलीला कुलूप असतं. त्याने उघडलं. दिवा लावला. तिच्या खुर्चीत बसला. बंद करण्याआधी एकदाच तिच्या नावाने आत जायचं होतं, बाकी काही नाही. नाव टाकलं. पासवर्ड टाकला. सूचना आली. त्याने 'मान्य' दाबलं.

सूचना गेली नाही.

परत दाबलं. तशीच. तेव्हा कुठे त्याने स्वतः लिहिलेली सूचना नीट वाचली. दुसऱ्याच्या नावाने...

त्याने माऊसवरचा हात काढला. मांडीवर ठेवला.

सूचना गेली. आपोआप.

"मग, काका?"

मग काय. रिकामा रिपोर्ट उघडला. त्यात ती उभी रेघ असते ना... लुकलुकत होती.

साडू म्हणाला, "आलीस?"

...

कोपऱ्यातल्या, रक्ताचे नमुने ठेवायच्या फ्रिजची घरघर. बस.

घाबरला नाही तो. घाबरायलासुद्धा आत काहीतरी जागं लागतं. मला नंतर म्हणाला, "दादा, मला काहीच वाटलं नाही हो. त्याचंच वाईट वाटतं."

उठला. आपल्या खोलीत गेला. तिचं खातं बंद केलं. ठिपका गेला. नाव गेलं. परत येऊन मशीन बंद केलं, कुलूप ओढून बघितलं आणि घरी जाऊन पडून राहिला.

सकाळी त्यानेच खोली उघडली. माऊस कीबोर्डच्या डाव्या बाजूला होता. वायर मागून नीट फिरवून आणलेली. त्या खोलीत डावखुरं माणूस एकच होतं.

आता तिथे नवीन मुलगी बसते. संध्याकाळी जाताना माऊस उजवीकडे ठेवून जाते. आणि साडू रोज सकाळी सगळ्यांच्या आधी जातो. एकदा मीही गेलो होतो त्याच्याबरोबर. कुलूप माझ्यासमोर काढलं. माऊस डावीकडे होता. मी हात लावून बघितला...

कोमट होता.