हातचं पाणी

निमशेवाडीत आता लग्नाच्या बायोडाटात रक्तगटाखाली 'ठसा : आहे' असं लिहितात. लस घेतली की रक्तात एचआयव्हीच्या विषाणूला ओळखून धरणारी प्रतिपिंडं तयार होतात. त्यांनाच लोक ठसा म्हणतात. ठसा नसेल तर स्थळ परत जातं. तीस वर्षांपूर्वी याच गावानं याच ठशापायी दीपाली मगदूमला वाळीत टाकलं होतं, आणि ते ती विसरली नव्हती.

लसीच्या पहिल्या चाचणीत तिनं हौसेनं दंड पुढे केला होता. तेव्हाच्या गावच्या तपासणीला लसीची प्रतिपिंडं आणि रोगाची प्रतिपिंडं यांतला फरक कळत नसे. कागदावर 'पॉझिटिव्ह' आलं. चाचणीवाल्यांनी परोपरीनं समजावलं, पण नवऱ्यानं दहा वर्षांच्या मुलाला, धैर्यशीलला, ठेवून घेतलं आणि हिला हाकललं.

त्यामुळे लसीच्या संशोधक डॉ. ओवी सबनीस आल्या तेव्हा दीपालीनं पाण्याचा पेला पुढे ठेवला खरा, पण कपाळावरची आठी काही सोडली नाही.

"मावशी, विषाणूनं पुन्हा रूप बदललंय," ओवी म्हणाल्या. "लस त्याचं जुनं रूप ओळखते, नवं रूप तिला चकवतं. ठशाच्या वार्षिक तपासणीतल्या लाखो नमुन्यांत त्याला धरणारं रक्त एकच निघालं. तुमचं."

"आधी चिठ्ठी लिहा. हिला रोग कधीच नव्हता, लसच होती म्हणून. पोराच्या तोंडावर फेकायचीय मला."

ओवी अडखळल्या. "तसं नाही लिहिता येणार. तुमच्यातली लस तेव्हाच फसली. विषाणू आहे तुमच्यात, जिवंत. तो रूप बदलतो, तुमची प्रतिपिंडं त्याच्यामागं धावत नवं रूप शिकतात. तीस वर्षांची ही शिकवणी कुठल्याच लसीला जमलेली नाही."

चाचणीआधी दीपालीचं रक्त स्वच्छ होतं. त्यानंतर तिच्याजवळ आलेला पुरुष एकच, तिचा नवरा, आणि तो पुढे 'क्षयानं' गेला. ज्यानं रोग दिला त्यानंच दारं लावून घेतली होती.

ओवींनी गोळ्यांची बाटली टेबलावर ठेवली. "विषाणू सापडला की त्याच दिवशी औषध द्यायचं, असा कायदा आहे. पण घेऊ नका, एवढी विनंती करते. गोळीनं तो दबला की शिकवणी संपली. तो बदलतच राहणार, आम्हाला तुमचं रक्त लागतच राहणार."

"आन् मी मेले तर?"

"आम्ही लक्ष ठेवू."

"लक्ष! तीस वर्षं कुठं होतं ते?"

"मावशी, निदान नातीचा विचार करा. तिच्या पिढीचा ठसा आता निकामी झालाय."

"माझ्या हातचं पाणी पीत नाही ती. बापानं शिकवलंय. रक्त चालंल तिला?"

दीपालीची नजर पेल्याकडे गेली. पाऊण तास झाला होता आणि पेला काठोकाठ तसाच होता.

"तुम्ही तरी कुठं प्यालात, डॉक्टरीणबाई?"

ओवींनी घाईनं हात पुढे केला, पण पेला दीपालीनं आधीच उचलला होता. तिनं बाटलीचं झाकण काढलं, एक गोळी जिभेवर ठेवली आणि पाहुणीचं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकलं.