बांधावरची मोकळी जागा

कळंबच्या बाजारपेठेत आमचा फोटो स्टुडिओ आहे. पुढं पडदा आणि दोन खुर्च्या, मागं डार्करूम. फोटो हे काढतात. ते धुऊन चिमट्यांनी दोरीवर वाळत घालायचं काम माझं. सकाळची पूजा, जप उरकल्याशिवाय मी त्या खोलीत पाऊल टाकत नाही.

लग्नातले फोटो कुणीही काढील. यांचं खरं काम वेगळं. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या धाकट्या बहिणीच्या, गजराच्या सासरी पाझर तलावाचं काम निघालं. गाव इथून सात मैल. त्र्याहत्तरच्या चैत्रात, तीजेच्या सकाळी, यांनी बांधावर माती वाहणाऱ्या दहा बायांचा फोटो काढला. मधोमध गजरा, पाटीखाली हसणारी.

दिवस मावळायच्या आत ती नाहीशी झाली.

मुकादम आबारावनं सांगून टाकलं, कुणाबरोबर तरी पळून गेली. सासरच्यांनी तेच धरलं. त्या एका शब्दानं आमची आई दोन वर्षांत खंगून गेली. बाकीच्या नऊ जणी गप्प राहिल्या.

यांनी आरडाओरडा केला नाही. दर तीजेला, सकाळी नऊ वाजता, त्याच जागी स्टँड रोवून हे त्याच बायांचा फोटो काढू लागले. न बोलावता नऊही जणी येत. आणि कुणी न सांगता मधे एका बाईपुरती जागा सोडून उभ्या राहत.

चौऱ्याहत्तरच्या फोटोत त्या मोकळ्या जागेत, पावलांच्या रेषेला, एक काळा दगड दिसला. वाटीएवढा. पुढच्या वर्षी नारळाएवढा. मी म्हटलं, बांधाची माती धुपत असेल. हे सायकल काढून पाहून आले. तिथं दगड नव्हता. सपाट, टणक मुरूम. यांनी भिंग बदललं, फिल्म बदलली.

शहात्तरच्या फोटोत त्या दगडावर भांग दिसला. मधोमध पाडलेला.

पुढं कपाळ. मग डोळे, मिटलेले. मग गळा. वर्षाला वीतभर. कागद पाण्यात धरून मी उभी राहायची.

ऐंशी साली मालनबाईला मी तो फोटो दाखवला. रांगेत ती गजराच्या शेजारची. तिनं पदर तोंडाला लावला.

"छातीपस्तोर आली की वं."

"काय झालं होतं त्या दिवशी, मालनबाई?"

तिनं दाराकडं पाहिलं. "दरड कोसळली, ताई. म्या पाय बघितले तिचे. आमी उकराय लागलो, तर आबाराव म्हनला, चौकशी आली की काम बंद. वरडलीस तर हजरीतनं नाव जाईल. अन वरनं मातीच ढकलाय लावली. लेकरं उपाशी व्हती. आमी गप बसलो."

"आता चला माझ्याबरोबर. साहेबाला सांगू."

"सांगा की. बांध फोडतील का?"

आम्ही सांगितलं. बांध कुणी फोडला नाही. तोवर त्याच पाण्यावर सहकारी सोसायटी उभी राहिली होती आणि आबाराव तिचा चेअरमन झाला होता. "बाई पळाली, वहिनी," तो पान चघळत म्हणाला. "उकरून नाक कुनाचं कापायचं? तुमचंच ना?"

राग गिळावा, असं पोथीत आहे. मी गिळला नाही. मी तो नेमासारखा पाळला, एक दिवस चुकवला नाही.

त्र्याऐंशीच्या तीजेला आबाराव स्वतः बांधावर आला. सोसायटीची स्मरणिका निघणार होती. त्यात त्याला कष्टकरी भगिनींसोबत फोटो हवा होता. कडक इस्त्रीचं धोतर, कोऱ्या वहाणा. तो सरळ त्या जागेत घुसला.

"तितं जागा न्हाय, मालक," रांगेत पलीकडच्या बाजूची शरणम्मा म्हणाली.

"एवढी मोकळी हाय की! नऊ गौळणी अन एक किसनदेव. काढा, व्यंकटराव."

बाया हसल्या नाहीत. हलल्याही नाहीत.

दुपारी कागद औषधात सोडला. आधी आभाळ उमटलं, मग नऊ बाया.

मग दहावी.

पुरी. पावलांसकट. डोळे उघडे.

ती कॅमेऱ्याकडं पाहत नव्हती. आबारावकडं पाहत होती.

दुसऱ्या दिवशी तो स्टुडिओत आला. फोटो उजेडात धरला.

"चेहरा झकास आलाय. पर व्यंकटराव, माझे पाय का कापले वो?"

फोटो कुठंच कापलेला नव्हता. बायांची पावलं एका रेषेत लख्ख दिसत होती, जोडव्यांसकट. दहा जोड्या. तो तेवढा घोट्यापर्यंत मुरमात होता.

बाया त्यानं मोजल्या नाहीत. त्यांच्याकडं त्यानं पाहिलंच नाही. दहा वर्षांपूर्वीही पाहिलं नव्हतं.

मी फोटो पाकिटात घालून दिला.

"पुढच्या तीजेला या," मी म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, हळू.

"येनारच की, वहिनी."

तो गेल्यावर मी आमची प्रत दोरीवरून काढली.

माती त्याच्या गुडघ्यांवर आली होती. आणि गजराचा हात आता त्याच्या खांद्यावर होता.