निघताना तीन शिंका

"ताई, पोलीस यायच्या आत लोक त्याला संपवतील," सकीना दारातच म्हणाली.

तिचा नवरा रमजान धरणगाव रस्त्यावर अभिमननानांच्या केळी पिकवायच्या वखारीत कामाला होता. भरदुपारी नाना तिथल्या अंधाऱ्या थंड खोलीत डोकं फुटून पडलेले सापडले. पाहिलं ते रमजाननंच, आणि तेच त्याला भोवलं. नाना दवाखान्यात बेशुद्ध होते.

खासगी गुप्तहेर चारुलता तशीच निघाली. मागोमाग तिचा साथीदार लोटन, निवृत्त हवालदार. त्याचा निकाल वाटेतच लागला होता: जो सापडला तोच गुन्हेगार. तीस वर्षांची सवय, जाते कुठं?

वखारीच्या अंगणात माणसं काठ्या घेऊन उभी होती. रमजानला त्याच खोलीत कोंडलं होतं.

"बाई, तुमचं इथं काय काम?" नानांचा पुतण्या प्रेमराज गुरकावला. "मी बारापासून या पुढच्या फाटकाशी उन्हात उभा आहे. आत हाच होता."

"आधी त्याला बाहेर आणा."

प्रेमराज आत गेला, जरा वेळानं रमजानला बखोटीला धरून आला. उन्हात येताच रमजाननं डोळे घट्ट मिटले. प्रेमराज मात्र तीनदा शिंकला.

"सर्दी का हो?" लोटननं विचारलं.

"छे! ऊन डोळ्यांवर आलं की होतं. बाबांनाही व्हायचं."

वखारीमागे ट्रकवाल्या भटूचा ट्रक केळी भरून उभा होता. चारुलतानं त्याला तिथंच एकट्याला गाठलं.

"मी वाकीसन टायर देखी राह्यंतू," भटू म्हणाला. "मांगला दारकडे तीन शिंका ऐकू उन्यात. निंघताना शिंक वाईट शे ना ताई! मंग पानी पिसन बठनू. तेवढामा बोंब उठनी."

चारुलता अंगणात परतली. "दुपारी मागच्या दारातून कोणीतरी बाहेर पडलं आणि शिंकलं."

"रमजानच! थंडीत काम करतो तो," प्रेमराज म्हणाला.

"आत्ता तासभर थंडीतच होता, शिंकला का? काही माणसांना अंधारातून एकदम उजेडात आलं की शिंका येतात. बापाकडून लेकाकडे येतं ते. तुम्ही उन्हात उभे होता तोवर एकही शिंक नाही. आत जाऊन आलात, तीन आल्या."

"त्या भटूचं ऐकता? टायरपाशी वाकलेला माणूस, त्यानं काय पाहिलं?"

"भटूचं नाव मी घेतलंच नाही. लोटन, फाटकातून ट्रक दिसतो का बघा."

लोटन फाटकाशी गेला, मान उंचावून पाहिलं. मध्ये अख्खी वखार होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

"नाही दिसत. दिसेल तो मागच्या दारातूनच."

प्रेमराजचा तोल सुटला. "काका वखारीच्या किल्ल्या या रमजानच्या हातात देणार होता! आमचा पिढीजात धंदा, आणि मालक हा?"

काठ्या खाली आल्या. माफी मात्र कोणी मागितली नाही.

पोलीस आले, त्यांनी प्रेमराजला वखारीच्याच अंधाऱ्या कचेरीत बसवून जबाब घेतला. बाहेर काढताना उन्हात तो पुन्हा शिंकला. सवयीनं सगळे जागच्या जागी थबकले, भटूसुद्धा.

सकीनानं रमजानचा हात धरला आणि दोघं न थांबता फाटकाबाहेर पडली.